जुन्या बोटीचे बूड कोण पाहणार?

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या पावसाळी बंदीत पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या किंवा खाडीच्या आडोशाला बांधलेल्या असतात. सातपाटीपासून मालवणपर्यंत काही शाकारलेल्या दिसतात, काही उघड्याच टेकूंवर उभ्या. जुन्या बोटींच्या खरेदी-विक्रीची बोलणी या दिवसांत रंगणे स्वाभाविकच, कारण घेणाऱ्याला नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्रावर जायचे असते. बोलणीतले प्रश्नही ठरलेले. इंजिन कोणत्या कंपनीचे, किती सिलिंडरचे, जाळी सोबत देणार का, परवाना चालू आहे का, मच्छीमार संस्थेत डिझेलचा कोटा आहे का. बोटीच्या बुडाचा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचे उत्तर बहुधा ताज्या रंगाने आधीच देऊन ठेवलेले असते. बोट विकणाऱ्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. विकायची वस्तू कोणीही पुसूनच मांडतो. मागणी एवढीच आहे की कोणतीही जुनी यांत्रिक मासेमारी बोट दुसऱ्याच्या नावावर होण्यापूर्वी ती पाण्याबाहेर, रंग चढण्याआधी, सौद्याशी संबंध नसलेल्या माणसाने तपासलेली असावी आणि त्या तपासणीचा लेखी अहवाल नोंदणीच्या कागदांना जोडलेला असावा.

बुडाकडे दुर्लक्ष होते याचे कारण कोळी बांधवांचे अज्ञान नाही. बोटीच्या किमतीतला मोठा वाटा आता लाकडाचा किंवा फायबरचा राहिलेला नाही, तो कागदाचा झाला आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले आणि नव्या परवान्यांची वाट बंद केली. त्यामागचे कारण रास्त होते. किनाऱ्यालगतचा मासा संपत चालल्याची तक्रार पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षे करत होते. पण परवाना दुर्मीळ झाला की तो ज्या बोटीला चिकटलेला असतो ती बोट कितीही जर्जर असली तरी तिला गिऱ्हाईक मिळते. एरवी ती भंगारात निघाली असती. फळ्या बदलून, भेगा बुजवून, वरून रंग देऊन तिला तरती ठेवण्यात विकणारा आणि घेणारा दोघांचाही फायदा असतो. ज्या व्यवहारात दोन्ही बाजूंना एकच गोष्ट न पाहणे सोयीचे असते, तिथे ती पाहायला तिसरा माणूस लागतो.

सरकार बोटींकडे पाहत नाही असे मुळीच नाही. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट वापरली, तेव्हापासून किनाऱ्यावरची नजर कडक झाली. नोंदणी क्रमांक, रंगाच्या खुणा, खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रे हे सगळे आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. या प्रत्येक गोष्टीची गरज होतीच. पण बोट कोणाची, तिच्यावर कोण आहे आणि ती या घडीला कुठे आहे, एवढेच या व्यवस्थेला कळते. ती वाऱ्यात टिकेल का, हे कळत नाही. कायद्यात तपासणीचे नाव नाही असे नाही. परंतु बंदरावर होणारी पडताळणी बहुतांशी क्रमांक, लांबी-रुंदी, इंजिन आणि जीवरक्षक साहित्य यांच्यापाशी थांबते. भाड्याच्या रिक्षेला मात्र ठरावीक मुदतीने आरटीओकडून फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि गाडी आठ वर्षांची झाली की ते दरवर्षी. रिक्षा बंद पडली तर प्रवासी उतरून चालू लागतो. वीस-तीस सागरी मैल आत गेलेल्या बोटीतून उतरायची सोय नाही.

आता बूड म्हणजे नेमके काय तपासायचे ते पाहू, कारण या विषयावरचे बरेचसे गैरसमज तिथेच आहेत. लाकडी बोटीला खारे पाणी खाते अशी सर्वसाधारण समजूत. वास्तविक कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला गोडे पाणी लागते. म्हणून सागाच्या फळ्या समुद्राच्या बाजूने वर्षानुवर्षे धड राहतात आणि कूज सुरू होते ती वरून, जिथे डेकच्या सांध्यांतून पावसाचे पाणी झिरपते, किंवा आतून, जिथे मासळीच्या कप्प्यात बर्फ वितळत राहतो. हे कप्पे थर्मोकोल किंवा पफने आणि वरून फायबरने मढवलेले असतात. त्या आवरणाला एक बारीक चीर पडली की वितळलेले पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. कप्प्यामागचा बाभळीचा सांगाडा तिथे वर्षानुवर्षे ओला राहतो. जिथे कूज सर्वांत जास्त तिथेच डोळा सर्वांत कमी पोहोचतो, आणि बोट पाण्यात उभी असताना, कप्पा भरलेला असताना तर मुळीच नाही. समुद्राच्या बाजूने धोका असतो तो लाकूड पोखरणाऱ्या जीवांचा. तेरेडो नावाचा हा शिंपल्यांच्या कुळातला प्राणी टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो आणि आत लांब बोगदे करतो; वरून फळी अखंड दिसते. बुडाला रंगाचा नवा थर बसला की ती छिद्रेही झाकली जातात. लोखंडी खिळ्यांच्या भोवती लाकूड काळे, भुसभुशीत झाले असेल तर त्या फळीला धरून ठेवणारे काही उरलेले नाही असे समजावे, खिळ्याचे डोके कितीही घट्ट दिसो.

बोटीच्या कण्याला, म्हणजे पठाणाला, आलेला बाक हा आणखी एक मुद्दा. सौद्यात त्याचा उच्चार क्वचितच होतो. बोटीचा मधला भाग पाण्याने जास्त उचलला जातो, नाळ आणि मागची बाजू कमी. वर्षे गेली की दोन्ही टोके खाली झुकतात. पावसाळ्यात टेकू चुकीच्या जागी लावले तर हा बाक दोन महिन्यांतही वाढतो. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून पाहिली की तो दिसतो, पैसा लागत नाही. ज्या बोटीचा शाफ्ट वारंवार ‘लाइन’मधून सरकतो, केबिनचे दार अडकते, त्याच-त्याच सांध्यातून दर हंगामात पाणी येते, तिथे दोष शाफ्टचा, दाराचा किंवा सांध्याचा नसून पठाणाचा असण्याची शक्यता मोठी असते. घेणारा मात्र शाफ्ट बदलतो, दार तासतो आणि सांधा पुन्हा भरतो.

फायबरच्या बोटी आल्या तेव्हा ही कटकट संपली असे वाटले. फायबर कुजत नाही हे खरे. पण फायबरच्या बोटीत लाकूड असते. इंजिनाच्या बैठकीत, लांबीच्या दिशेने दिलेल्या आधारांत, मागच्या पाटीत प्लायवूड किंवा फळ्या घालून वरून फायबरचा थर दिलेला असतो. त्यात स्क्रू मारताना पडलेली छिद्रे नीट बुजवली नाहीत की पाणी शिरते आणि आतले लाकूड मऊ होते, वरचे कवच चकचकीत राहते. बाजारात मडके वाजवून घेतात तसा इथे छोटा हातोडा कामाला येतो: थर एकजीव असेल तिथे टणक आवाज, थर सुटले असतील किंवा आत ओल असेल तिथे बद्द आवाज. तरीही सगळ्यांत फसवी बोट ही लाकडाचीही नाही आणि फायबरचीही नाही. ती आहे जुन्या लाकडी बुडावर फायबरचे आवरण चढवलेली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाला फायबरचे आवरण देऊन होड्या बनवण्याचे तंत्र विकसित केले, पण त्यात लाकूड सुकवलेले आणि कीड-कूज रोखणाऱ्या रसायनांनी आधी प्रक्रिया केलेले असते. वीस वर्षे पाण्यात असलेल्या ओल्या फळ्यांवर दोन-तीन आठवड्यांत चढवलेल्या थराला त्या तंत्राचा दाखला देता येत नाही. ओल्या लाकडाला रेझिन नीट धरत नाही आणि ओल आत कोंडली जाते. अशी बोट विकत घेणाऱ्याला बाहेरून तपासायला काही उरतच नाही. म्हणून आवरण चढवण्याआधीची पाहणी आणि छायाचित्रे नोंदीत नसतील तर अशा बोटीकडे संशयाने पाहणेच शहाणपणाचे.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते कळणारी माणसे प्रत्येक बंदरात आहेत. घेणारा येण्यापूर्वीच इंजिन चालवून गरम करून ठेवलेले असेल तर त्या दिवशीची परीक्षा फुकट; थंड इंजिन कसे उचलते, पहिल्या काही मिनिटांत धूर निळा आहे, काळा आहे की पांढरा, यातच निम्मी गोष्ट कळते. ट्रकचे इंजिन बोटीला बसवले असेल आणि ते थेट खाऱ्या पाण्यावर थंड होत असेल तर ब्लॉक आतून किती खाल्ला गेला आहे ते उघडल्याशिवाय समजत नाही. इंजिनावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. खाडीत पाव तास फेरी मारणे ही चाचणी नव्हे. पूर्ण वेगाने तासभर चालवून, आधी आणि नंतर बुडातले पाणी मोजून पाहिले पाहिजे.

खरा प्रश्न इंजिनापेक्षा तोलाचा आहे, आणि त्याच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. जुनी बोट बांधली तेव्हा जशी होती तशी राहिलेली नसते. केबिन उंचावते, छपरावर पाण्याची टाकी जाते, मोठा विंच येतो, जड जाळी डेकवर रचली जाते, कप्प्याच्या आवरणात मुरलेले पाणी न दिसता वजन वाढवते. प्रत्येक बदल छोटा, प्रत्येकाला कारण आहे. बेरीज कोणी केलेली नाही. हा तोल अजमावायची एक जुनी, साधी रीत जगभर मान्य आहे. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, नेहमीचे सामान भरलेल्या बोटीला हलवून डोलू द्यायचे आणि एका पूर्ण डोलाला किती सेकंद लागतात ते मोजायचे. ते सेकंद बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी असतील तर सुरुवातीचा तोल बहुधा पुरेसा आहे. जास्त असतील तर काळजी करावी. गंमत अशी की संथ, सुखाने डोलणारी बोट लोकांना चांगली वाटते आणि झटक्याने सरळ होणारी त्रासदायक. धोका पहिलीत असतो. लाटेने कललेली बोट परत उभी राहायला वेळ घेते, याचा अर्थ तिला परत उभे करणारा जोर कमी आहे. या परीक्षेला घड्याळ आणि फूटपट्टी पुरते. ती होत नाही, कारण ती करायला कोणी सांगितलेले नाही.

या मागणीवर पहिला आक्षेप असा येईल की आमचे तांडेल आणि बोटी बांधणारे सुतार बोट नुसती पाहून सांगतात, त्यांना कागद कशाला. त्यांचे ज्ञान मी कमी लेखत नाही. वर लिहिलेले बरेचसे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार. पण ते ज्ञान सौद्यात वापरले जाते तेव्हा सुतार बहुधा एका बाजूचा असतो, कित्येकदा तीच बोट दुरुस्त करणारा. बोट दाखवली जाते ती रंगवून. आणि लाकूड जाणणाऱ्या हाताला फायबरचे थर कळतीलच असे नाही; ती विद्या निराळी आहे. म्हणून तपासणी करणारे याच सुतारांतून आणि अनुभवी तांडेलांतून तयार करावेत, सोबत पदविका घेतलेले यंत्र अभियंते असावेत, आणि रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थेने त्यांना फायबर आणि तोल या दोन विषयांचे प्रशिक्षण द्यावे. आपल्याच बंदरातली, आपल्याच नातलगाची बोट कोणी तपासू नये, एवढा नियम पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रमाणपत्र आले की त्याचा दर येईल. आरटीओचे उदाहरण देणाऱ्याने आरटीओबद्दलच्या तक्रारीही लक्षात ठेवल्या पाहिजेत, आणि हे बरोबरच आहे. म्हणूनच ‘पास’ किंवा ‘नापास’चा शिक्का मी मागत नाही. शिक्का विकता येतो. मागणी आहे ती वर्णनाची: पठाणाला किती बाक, कोणत्या फळीत लाकूड मऊ, कुठे बद्द आवाज, डोलायला किती सेकंद, सोबत तारीख घातलेली छायाचित्रे. मत्स्य विभागाने हा अहवाल मंजूर करायचा नाही. नावे बदलताना फक्त फाइलला जोडायचा. खोटे वर्णन लिहिणाऱ्याला ते पुढच्या सौद्यात, पुढच्या तपासणीत, बोट समोर असताना खोटे ठरण्याची भीती असते. बोट विकायची की नाही, घ्यायची की नाही, हा निर्णय मालकांचाच राहील. ज्याला माहीत असूनही मऊ फळीची बोट स्वस्तात घेऊन ती बदलायची आहे, त्याला कोणी अडवू नये.

जुन्या बोटींची किंमत पडेल आणि गरीब मच्छीमाराची एकमेव मत्ता मातीमोल होईल, असाही युक्तिवाद होतो. इथे अर्थशास्त्रातले एक सुप्रसिद्ध निरीक्षण आठवावे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. त्या कामासाठी त्यांना २००१ चे नोबेल मिळाले. चांगली आणि खराब गाडी ओळखता आली नाही की गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देते. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट माल उरतो. आपल्या बंदरांत हेच होत असणार. जो मालक दर पावसाळ्यात बोट ओढतो, सांधे भरतो, जस्ताचे तुकडे बदलतो, त्याला त्या कष्टांची किंमत विकताना मिळत नाही, कारण घेणाऱ्याच्या डोळ्यांना त्याची बोट आणि शेजारची नुसती रंगवलेली बोट सारखीच. अहवालामुळे पडेल ती दुसऱ्याची किंमत. खर्चाचे म्हणाल, तर तपासणीचा सर्वांत मोठा खर्च बोट बाहेर काढण्याचा असतो, आणि बंदीच्या काळात ज्या बोटी ओढल्या जातातच त्यांचा तो खर्च झालेलाच असतो. संस्थांनी जून महिन्यातच सामाईक पाहणी ठेवली तर उरलेला खर्च एका फेरीच्या डिझेलपेक्षा जास्त होऊ नये. जिच्यावर राष्ट्रीय सहकार विकास निगमचे कर्ज थकलेले आहे अशा बोटीच्या बाबतीत तर कर्ज देणाऱ्यालाही तारण काय उरले आहे ते कळलेले बरे.

त्यापेक्षा वयाचीच मर्यादा घाला, अमुक वर्षांवरची बोट नको, असे सुचवणारेही आहेत. कार्यालयासाठी हे सोपे आणि बोटीसाठी अन्यायाचे. नीट राखलेली सागाची बोट कित्येक दशके चालते. घाईत, कमी रेझिनने ओतलेली फायबरची बोट काही वर्षांत सुटते. आणि वयाची मर्यादा आली की कागदावरचे वय बदलण्याचा धंदा सुरू होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

घेणारा आणि विकणारा दोघेही जाणते आहेत, सरकारने मध्ये का पडावे, हा सगळ्यात ताकदीचा वाटणारा आक्षेप. तो बरोबर ठरला असता, जर बोटीवर फक्त ते दोघे जात असते. ट्रॉलरवर आठ-दहा खलाशी असतात, पर्ससीन बोटीवर त्याच्या कितीतरी पट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बोटींवर नेपाळहून आलेले तरुण मोठ्या संख्येने काम करतात. त्यांच्यातल्या अनेकांनी इथे येण्यापूर्वी समुद्र पाहिलेला नसतो. किंमत ठरताना ते तिथे नसतात, फळी त्यांना कोणी दाखवत नाही, आणि आगाऊ उचल घेऊन आलेल्या माणसाला बोट पाहून काम नाकारायची मुभा फारशी नसते. दोघांच्या सौद्यात दहांचा जीव गुंतलेला असेल तर तो सौदा खासगी राहत नाही. म्हणून अहवालाची एक प्रत बोटीवर असावी आणि तिचा सारांश हिंदी व नेपाळीतही असावा. मालक म्हणतील, असे केले तर खराब बोटीवर यायला खलाशी जास्त पैसे मागतील. मागतील, मागावेतच.